खुर्चीतला डाग

एफी : ब्रश खाली ठेवा आधी. हात लावायचा नाही त्याला.

मॉन्कर : एफी लाउरी? तीस वर्षांनी भेटतेस आणि दारातूनच दम देतेस. पाठीवरची माशांची टोपली तरी उतरव.

एफी : संग्रहालयात गेले तर भिंत मोकळी. पहारेकरी म्हणाला, चित्राला डाग पडलाय, मॉन्करसाहेब स्वतः दुरुस्त करतायत. डाग म्हणे. माझा नवरा आहे तो.

मॉन्कर : तुला दिसला?

एफी : आठ वर्षं बघतेय. हेरिंग मासळीचा हंगाम संपला की आगगाडीने एडिंबरा गाठायचं आणि चित्रातल्या त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहायचं. पहिल्या वर्षी नुसता गुडघा होता. मी घाबरून, अपशकुन टळावा म्हणून खिशातल्या चाकूचं लोखंड धरलं. वाटलं, समुद्राने सोडलं माझ्या बुडालेल्या डूगलला, येतोय सावकाश. मग कोपर आलं. गेल्या वर्षी हनुवटी. यंदा तोंड दिसणार होतं.

मॉन्कर : तो तिथेच होता, एफी. तुमच्याकडे राहिलो त्या उन्हाळ्यात मी त्याला खुर्चीत बसवूनच काढलं होतं. लापशी खाताना. लंडनचं गिऱ्हाईक म्हणालं, जेवणारा कोळी दिवाणखान्यात कोण टांगणार? खुर्ची रिकामी करा, बाईला रडवा. मी त्याच्यावर रंग फासला. तेलरंग जुना झाला की पातळ होतो, खालचं वर दिसायला लागतं.

एफी : कधी फासलात?

मॉन्कर : होडी बुडायच्या तीन महिने आधी.

एफी : म्हणजे तो घरात जाळी विणत होता आणि इथे तुम्ही मला विधवा करून मोकळे. पोटभर खाणारे आम्ही चाललो नाही तुम्हाला. रडणारी मी मात्र घरोघरी गेले. पाद्रीबाबाकडे, डॉक्टरकडे, सगळ्यांच्या भिंतीवर तुमच्या चित्राची छापील प्रत आहे. मासे द्यायला गेले की बायका माझ्याकडे बघून डोळे पुसतात आणि मग भावात घासाघीस करतात.

मॉन्कर : त्यानंतर अकरा रिकाम्या खुर्च्या काढल्या मी. दोन रिकामे पाळणेसुद्धा. त्यांच्यावरच 'सर' झालो.

एफी : माझ्याकडे त्याचा फोटो नाही, लॅकी. त्या उन्हाळ्यात याच नावाने हाक मारायचो ना आम्ही तुला. तोंड आठवत नाही मला त्याचं. आणि तू दुसऱ्यांदा पुसायला बसलायस.

मॉन्कर : सकाळपासून रंग कालवून बसलोय. हात पुढे होत नाही.

एफी : मग वरचा रंग खरवड.

मॉन्कर : त्याच्याबरोबर तोही निघेल. टर्पेंटाइनने ओलं केलं तर सुकेपर्यंत दिसेल. मिनिटभर. तो पडदा सार. अजून थोडा.

(तो चिंधी भिजवून खुर्चीवरून हलकेच फिरवतो.)

एफी : थांब. धुक्यातून होडी यावी तसा येतोय. कान बघ, दोन माणसांना पुरतील असे. हे कसे विसरले मी?

मॉन्कर : लवकर बघ. कडेने सुकतंय.

एफी : तोंड असं वाकडं का केलंस त्याचं?

मॉन्कर : मी नाही केलं. दिसला तसा काढला. तू चुलीकडे वळली होतीस. लापशीत मीठ जास्त पडलं होतं.

एफी : मला बोलला नाही.

मॉन्कर : मला खुणेने म्हणाला, गप्प बस.

एफी : गेला. सुकलं.

मॉन्कर : येईल वर. आपण असू, नसू. संग्रहालयाला लिहितो, चित्र आहे तसं लावा, आणि खाली डूगलचं नाव घाला.

एफी : त्या दिवशी वाडगं मात्र चाटूनपुसून ठेवलं होतं त्याने.