लायब्ररीतून आलेला आवाज

तुम्ही सारखं विचारता ना, मी आता डोंगरातल्या रेसला का येत नाही? ऐका मग.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत एमएससी करत होते तेव्हा वेल्समध्ये अशीच एक रेस होती. आईला सांगितलं होतं, दिवसभर लायब्ररीत आहे. एकटीने डोंगरात जायला ती काही केल्या हो म्हणाली नसती.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. पुढचे दिसेनात, मागचे ऐकू येईनात. एक पाऊल टाकलं तर पायाखालचा दगड सुटला, आणि तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. मी तिथेच मटकन बसले.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कुठे आहेस?"

"लायब्ररीत," मी कुजबुजले.

"मग तू डोंगरावर हरवलीस म्हणून मला इथे पुण्यात फोन करणारा हा इंग्रज माणूस कोण?"

तेव्हा आठवलं. फॉर्मवर मोबाइल नंबर म्हटलं की शाळेपासून माझा हात आपोआप आईचाच नंबर लिहितो. मी चेकपॉइंटला पोचले नाही, म्हणून रेसवाल्यांनी तोच लावला होता.

"आई, मला खूप भीती वाटतेय."

"तो म्हणतोय, जागची हलू नकोस, रेसच्या सामानात दिलेली शिट्टी वाजवत राहा. माणसं निघालीत."

"सॉरी, आई."

"आधी सापड. मग बघते तुझ्याकडे."

खरं सांगते, त्यानंतर मी शिट्टी जरा हळूच वाजवली.