महापौरासाठी देव पाण्यात

चौदा नोव्हेंबर, जयपूर. सकाळी गार वारा, ऊन धुरकट... आणि देव अजून पाण्यात! नाही, तुम्हीच सांगा, निवडणूक अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या महापौराची, आणि बुडालाय कोण? तिलक नगरातला आमचा रांगता बाळकृष्ण!

तुम्हाला सांगतो, आमची कौमुदी तिकडे एका उमेदवाराचा प्रचार करते. तो जिंकला तर तिला महापौरांच्या कचेरीत नोकरी. पडला तर व्हिसा संपला, सामान बांधून घरी. फोनवर आईला म्हणाली, "आई, प्लीज, देव पाण्यात ठेव ना!" आमच्या बायकोनं, साधनानं, लगेच तांब्याच्या भांड्यात बुडवला. मागणं पुरं झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, एका दुपारचा तर प्रश्न! आपल्याकडे मशीन उघडलं की जेवणाआधी गुलाल. तिकडे? टपालानं आलेली पाकिटं! एकेक उघडणार, सह्या जुळवणार... आज हा पुढे, उद्या तो, परवा पुन्हा मोजा! आणि देव पाण्यात!

शेजारचे शेखावतजी रोज फाटकावरून ओरडतात, "भाईसाहब, आपके मेयर का क्या हुआ?" माझा मेयर? अहो, मला तिथे मतसुद्धा नाही!

पण खरं सांगू?... हळू बोलतो, साधना आत आहे. तो पाण्यातून माझ्याकडे बघतो. पाण्यात डोळे मोठे दिसतात ना... चहा पिताना बघतो, पेपराआडून बघतो. मधेच एक बुडबुडा वर येतो आणि माझ्या अंगावर काटा! कौमुदी तस्सीच रांगायची हो, एक हात वर करून. आणि त्याला माहीत आहे, मी मनात काय मागतोय ते. पडू दे रे त्या माणसाला... पोरगी घरी येऊ दे. बायको म्हणते जिंकव, मी म्हणतो पाड, त्यानं ऐकायचं कुणाचं? नाकातोंडात पाणी, वर हे भांडण!

आत्ताच फोन आला. "बाबा, जिंकलो! मी इथेच राहणार!" मागे नुसता जल्लोष. मी म्हटलं, "वा वा!"... दुसरं काय म्हणणार? मग साधनाला म्हटलं, "काढ गं आता देव."

तिनं भांड्यातलं पाणी बदललं. बाळकृष्ण पुसायला घेतला, जरा वेळ हातात धरला... आणि पुन्हा आत सोडला.

"राहू दे," म्हणाली.

कौमुदीचा उमेदवार एकशे ब्याऐंशी मतांनी निवडून आला. देव पाण्यात.