अर्धीच निळी लिंक

डोळ्यांत औषधाचे थेंब पडले, की दवाखान्यातल्या बाकावर निमूट बसून राहायचं. शिंपीणबाई तशाच डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या; थोरलीच्याही डोळ्यांत थेंब होते आणि तिचा फोन धाकटीच्या हातात होता.

"ताई, लेकाची ही मेल तू उघडतेस?"

"रोज, ह्याच वेळी. परदेशात त्याच्या चौकात कॅमेरा आहे ना, त्यातलं इथे फोनवर थेट दिसतं. कामावर निघताना त्याच्यासमोर उभा राहून हात करतो मला."

"अगं, पण लिंक ओळीच्या शेवटी तुटलीय. वरचा तुकडा निळा, खालचा काळाच राहिलाय. तू कशावर दाबतेस?"

"निळ्यावर."

"मग काय दिसतं?"

"पांढरं. नुसतं पांढरं. तिकडे बर्फ केवढा पडतो!"

"ताई, ते कोरं पान आहे. खाली लिहिलंय, पान सापडलं नाही."

"ती बारीक अक्षरं? मला कुठली दिसायला!"

"आणि दिसतो का, असं त्याने विचारलं तर?"

"दिसतोस, म्हटलं. स्वेटर घाल, म्हटलं."

"धन्य आहेस! थांब, दोन्ही तुकडे उचलून एका ओळीत जोडते. मधे जागा राहता कामा नये... हं, उघडलं."

"बर्फ आहे?"

"कसला बर्फ! लख्ख ऊन आहे. आणि ताई, उभा आहे गं तो. हात करतोय."

"मला सगळं धुकंच दिसतंय. फोन कुठेय? इकडे?"

"जरा डावीकडे."

शिंपीणबाईंनी डोळे उघडले. त्यांनाही सगळं पांढरंच दिसलं, आणि त्या पांढऱ्यात फोनच्या दिशेने हलणारा थोरलीचा हात.