भरतीची सकाळ

पनवेलच्या स्टँडवर उरणच्या एसटीचा अजून पत्ता नव्हता. रिकाम्या पाट्या घेऊन दोन कोळणी रांगेत पुढे उभ्या होत्या. त्यांचं बोलणं मागे उभ्या असलेल्या किशोरीला ऐकावंच लागलं.

“शांते, म्हातारा बरा हाय ना?”

“कसला बरा! डॉक्टर बोलला, होडी विकलीत ना, आता रोज एकाच टायमाला उठा, फिरा. पन हा उठतो भरतीच्या टायमाला! आज तीनला, उद्या चारला.”

“उशाशी घड्याळ लाव.”

“लावलं. बोलतो, पानी काय घड्याळ बघून चढतं?”

“मग उठू दे त्याला. तू झोप.”

“झोपू कशी? भाकऱ्या कोन थापनार?”

“होडी नाय, मग भाकऱ्या कशाला?”

“बंदरावर जाऊन बसतो ना मेला!”

“बसू दे की.”

“उपाशी?”