मास्तरांची कमान

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या नगरसेविका ताई, आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गल्लीकरांनो,

मी शिंपी. माझा हात चालतो, जीभ अडखळते, सांभाळून घ्या. संयोजकांनी बजावलंय, 'दोन मिनिटं बोल, पण चांगलं बोल.' चांगलंच बोलतो. ताईंनी गल्लीत नळ आणला, दिवे आणले. आमच्यासाठी साहेबलोकांशी भांडल्या. खोटं कशाला बोलू?

आणि कमान. गल्लीच्या तोंडाशी ताईंनी आपल्या वडिलांच्या नावाची कमान उभारली. ते आम्हा सगळ्यांचे मास्तर. फूट-इंच मला त्यांनीच शिकवले, कान पिळून. कमान बांधताना मीच शहाणपणा केला, 'ताई, जरा खाली घ्या, नाव नीट वाचता येईल.' ताईंनी ऐकलं. कशाला ऐकलंत हो माझं?

गेल्या महिन्यात माझ्या बायकोला दम्याचा झटका आला. रुग्णवाहिका कमानीशी अडली. चालक म्हणाला, 'दादा, चार बोटं कमी पडतायत.' चार बोटं! तिला खुर्चीत बसवून आम्ही चौघं धावलो. ओठ निळे पडले होते तिचे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही. पुढची वेळ कधी येईल, कुणाला ठाऊक? मी मशीनवर बसतो, पण कान तिच्या श्वासाकडे. शिवण वाकडी जाते. मला फार भीती वाटते हो.

चिठ्ठी मिळाली, अध्यक्षमहोदय. आवरतो.

कमान उंच करा, नाहीतर काढा, म्हणून पालिकेच्या कार्यालयात सात खेपा घातल्या. 'कमान ताईंच्या निधीतली, त्यांचं संमतिपत्र आणा.' ताईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, 'पाहू या. बाबांचं नाव आहे रे.' त्यांचंही खरं. बाप एकदाच मिळतो. पण ताई, मलाही ती एकच आहे. आज तुमची मुदत संपते. उद्यापासून तुमच्या सहीला कार्यालयात कोण विचारणार? आणि येणारा नवा माणूस मास्तरांच्या नावाला हात लावून गल्लीचा राग कशाला ओढवून घेईल?

सत्काराच्या दिवशी तुम्हाला चारचौघांत पेचात पकडलं, कळतंय मला. एकट्यात विचारून पाहिलं, जमलं नाही. ताई, हे संमतिपत्र. पेनाचं टोपण काढून ठेवलंय.

सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर राग माझ्यावर काढा. तिच्यावर नको.