पंखा दुरुस्तीच्या वर्गातल्या दोन जागा

बायको गेल्याचं त्याला दवाखान्यातून कळलं, त्याच दिवशी तिच्या नावाचं पत्र घरी आलं: पंखा-मोटार दुरुस्तीच्या वर्गात प्रवेश मिळाला. महिन्याभराने तो प्रवेश रद्द करायला तो महिला प्रशिक्षण केंद्राच्या रांगेत उभा राहिला. पुढे एक सासू आणि तिची सून बोलत होत्या.

"आई, जागा एकच उरलीय. तुम्ही घ्या."

"तू घे. मला घरचा पंखा तरी कुठे जमला?"

"फिरला की."

"उलटा फिरला गं. सगळा वारा छताला."

"दोन तारांची अदलाबदल झाली, एवढंच. बाबा म्हणाले, छतालाही उकडत असेल."

"त्यांना बोलायला काय जातंय? जन्मभर नुसतं बटण दाबलंय."

"पंखा उघडायची हिंमत तुम्ही केलीत. मी फक्त स्टूल धरलं."

"तेच तर. तू शीक, आणि मला घरी शिकव."

"म्हणजे रोज तुम्ही माझ्या चुका काढणार. नको बाई, वर्गातच चला."

त्याला हसू आलं. त्याने पुढे होऊन बायकोचं प्रवेशपत्र खिडकीत सरकवलं.

"ही जागाही रिकामी झाली. या दोघींना मिळेल ना?"

"मिळेल," कारकून बाई म्हणाल्या. "यादीत पुढे त्याच आहेत."

"अहो दादा, ज्यांची जागा त्यांना नको का?" सासूने विचारलं.

"ती आता नाही."

सासूने खिडकीतला अर्ज स्वतःकडे ओढला.

"मग मी एकही तास बुडवणार नाही."

"तुम्हाला बुडवू कोण देतंय?" सून म्हणाली.

घरी बायकोने दुरुस्तीला उघडलेला मिक्सर अजून ओट्यावर तसाच आहे. तो जोडायचा राहिला आहे.