दोन कार्बोरेटरांची जुळवणी

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर केली नाही; पण समोर उघड्या पडलेल्या एटीव्हीपाशी, त्या जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकलपाशी, गाडीचा म्हातारा मालक आणि मिस्त्री बोलत होते, त्यातला शब्द न् शब्द त्यांच्या कानी येत होता.

"काका, दोन कार्बोरेटर काढून एकच? चढावर रडेल ही गाडी."

"रडू दे. दोन्ही जुळवत कोण बसणार?"

"मी मेलोय का?"

"दादा जुळवायचा. रबरी नळी कानाला लावून एकेकाचा श्वास ऐकायचा आणि मी स्क्रू फिरवायचो. शेवटच्या वर्षी सारखा म्हणायचा, 'तू ऐक रे जरा.'"

"मग?"

"मी म्हणायचो, 'तुझे कान काय गहाण पडलेत?' तो गेल्यावर कपाटात कानाचं मशीन सापडलं. कुणाला बोलला नव्हता."

"ही नळी घ्या. इंजिन चालू करतो. ऐका, मग ठरवा."

इंजिन घरघरलं. बाईंचं लाल पेन एका उत्तरावर थांबलं.

"काय म्हणतंय, काका?"

"डावा कमी ओढतोय."

"बरोबर! अहो, कान तयार आहे की तुमचा."

"एवढंच ऐकून सांगायचं होतं रे मी त्याला तेव्हा."

"मग दोन्ही ठेवू?"

"बंद कर इंजिन. एकच बसव. नळी कानाला लावली की त्याचंच ऐकू येतं."